निगुतीनं पाठवलेलं औषध

"वंदनाताई कोण?"

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात निळा थर्मास. जूनचा पहिला आठवडा उलटला तरी अकोल्यातलं ऊन हटत नव्हतं. आमच्या पॅकिंगच्या हॉलमधले दोन्ही पंखे गरम हवाच फिरवत होते.

मी हात पुसत पुढे झाले. "मीच वंदना. काय हवंय काका?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसले. "अक्षरावरून मला वाटलं होतं, वयानं मोठ्या असाल. मी दिगंबर गुल्हाने. पुसदच्या पलीकडून आलोय. तुम्ही दर महिन्याला आमच्याकडे इन्सुलिन पाठवता."

नाव ऐकताच ओळख पटली. सिंधू दिगंबर गुल्हाने, महिन्याला चार बाटल्या. माणसं पाहिली नव्हती, पण पत्ते मला तोंडपाठ होते.

मोहोकार औषधी म्हणजे तेव्हा आमच्या भागात बऱ्यापैकी चाललेलं काम. खेड्यापाड्यांतल्या दुकानांत साखरेचं इंजेक्शन मिळायचं नाही, मिळालं तरी फ्रिज नसलेल्या दुकानात पडलेलं असायचं. लोक आम्हाला फोन करायचे, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवायचे, आम्ही कुरिअरनं घरपोच औषध पाठवायचो. मी तिथे चार वर्षं होते. पहिली तीन वर्षं आम्ही थर्माकोलच्या जाड पेटीत माल भरायचो, वरून तपकिरी पुठ्ठा, सुतळी, चिकटपट्टी. आतल्या बर्फाच्या पिशव्यांना घाम सुटायचा, पुठ्ठा ओला व्हायचा, पत्त्याची शाई पसरायची. गिऱ्हाइकं फोन करून बोलायची, "बाई, औषध पाठवता की मासळी?" एकानं तर पेटी परत पाठवली होती. असल्या भिजक्या खोक्यातलं औषध बायकोला टोचणार नाही म्हणाला.

मग मोठ्या मोहोकारांचा मुलगा हर्षल पुण्याहून शिकून आला. त्यानं महिनाभर बसून नवं खोकं तयार करवून घेतलं. पांढरंशुभ्र, कडक, ड्रॉवरसारखं ओढून उघडायचं. आत निळा कागद आणि प्रत्येक बाटलीला बसेल असा खळगा. वर एक छोटं कार्ड, त्यावर पेशंटचं नाव आणि दोन ओळी, हातानं लिहिलेल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. खाली सही, 'तुमची वंदना'. हर्षल म्हणायचा, "औषध चांगलं की वाईट, लोकांना काय कळतं? लोक खोकं बघतात. खोकं बघून ठरवतात, आपण कशी माणसं आहोत ते."

ते खरंच होतं. फेब्रुवारीत नवी खोकी सुरू झाली आणि तक्रारींचे फोन बंद झाले. उलट लोक आभार मानायला फोन करायला लागले. ऑर्डरी इतक्या वाढल्या की हॉलमध्ये आणखी दोन मुली ठेवाव्या लागल्या.

मी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी आधी थर्मास सावलीत ठेवला आणि मग पाणी प्यायले. पिशवीतून आमचं पांढरं खोकं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. कुठे चुरगळलेलं नाही, कुठे डाग नाही.

"आमची ही गेली," ते म्हणाले. "सत्तावीस मेला."

मी समोर स्टूल ओढून बसले.

"मेच्या खोक्यातल्या दोन बाटल्या तशाच राहिल्या. सील तोडलेलं नाही. म्हटलं, महागाचं औषध आहे, कुणा गरिबाच्या कामी येईल. कुरिअरनं पाठवणार होतो, पण तुमच्याइतकं नीट बांधायला मला जमलं नसतं. म्हणून स्वतःच आलो." त्यांनी थर्मास माझ्यापुढे सरकवला. "यात आहेत. खाली बर्फ, मधे फडकं. बर्फाला टेकू दिल्या नाहीत. बसमध्ये मांडीवर धरून आणलंय. एवढ्या उन्हात औषध उघड्यावर कसं नेणार?"

मी थर्मासचं झाकण उघडलं. गार वाफ बोटांना लागली. दोन्ही बाटल्या एका स्वच्छ रुमालात गुंडाळलेल्या होत्या.

तेवढ्यात हर्षल आला. काका कोण, कशाला आले, ते मी सांगितलं. त्यानं वाकून नमस्कार केला, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण लगेच त्याची नजर टेबलावरच्या खोक्याकडे गेली.

"काका, तुम्ही एवढ्या लांबून आमच्याकडे आलात. आमच्या सेवेबद्दल दोन शब्द बोलाल? फोनवर घेतो. लोकांना विश्वास वाटेल."

काकांनी उपरणं सोडून नीट खांद्यावर घेतलं. हर्षलनं खोकं त्यांच्या हातात दिलं, त्यावरचं नाव पुढे येईल असं फिरवलं आणि फोन धरला.

"मी टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढली," काका शाळेत धडा म्हणावा तसे सावकाश बोलायला लागले. "पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालो. हजारो पार्सलं या हातांखालून गेली. पार्सल कसं बांधलंय त्यावरून पाठवणारा माणूस कळतो. घाईचा, चिक्कू, लबाड, सगळं कळतं. यांचं पार्सल बघितलं की वाटायचं, आपल्या घरात कुणीतरी आजारी आहे याची कुणालातरी पर्वा आहे. असं निगुतीनं पाठवलेलं औषध मी पाहिलं नाही."

"वा काका!" हर्षल म्हणाला. त्यानं ते दोनदा चालवून पाहिलं. जाता जाता मला हळूच म्हणाला, "त्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये टाक. सील आहे ना? उद्याच्या ऑर्डरीत जातील."

जेवणाची सुट्टी झाली होती. मुली डबे घेऊन मागे गेल्या. हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. बाटल्या रुमालासकट माझ्या हातात होत्या आणि मी त्या फ्रिजकडे नेत नव्हते.

"काकूंना काय झालं होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं. पण मला ते ऐकल्याशिवाय राहवेना.

"साखर," ते म्हणाले. "अकरा वर्षं इंजेक्शनावर होती. कधी त्रास नाही. एप्रिलच्या शेवटी एकाएकी वाढायला लागली. घरात मशीन आहे, मीच बघायचो. तीनशे, साडेतीनशे, मग चारशेच्या वर. पुसदच्या डॉक्टरांनी डोस वाढवला. तरी उतरेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घरात लक्ष ठेवा, चोरून काही खात असतील. पेशंट असं करतात."

त्यांनी टेबलावरचं खोकं सरळ केलं.

"मुलीनं आंब्याची करंडी पाठवली होती. मी मोजून ठेवली. दोन दिवसांनी दोन आंबे कमी. मी म्हटलं, सिंधू, खाल्लेस? म्हणाली, नाही हो. म्हटलं, मग गेले कुठे? म्हणाली, मला काय माहीत, माकडं येतात अंगणात. देवघरापुढे उभी राहून शपथ घेतली तिनं. मी म्हटलं, देवाला तरी मधे घेऊ नकोस."

बाहेर कुरिअरची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी उठले नाही.

"मग मी करंडी पेटीत कुलूप लावून ठेवली. गुळाचा डबाही ठेवला. किल्ली कमरेला. आठ-दहा दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. इंजेक्शन मात्र वेळेवर द्यायचो. ती सारखं पाणी मागायची. मी म्हणायचो, गोड खाल्ल्यावर तहान लागणारच. शेवटी शेवटी तिनं सांगणंच सोडून दिलं. फक्त बघायची माझ्याकडे. मग एक दिवस पडली ती उठलीच नाही. पुसदला नेईपर्यंत संपलं."

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला कधी औषधाचीच शंका नाही आली?"

त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला असावा.

"याची? याच्यावर शंका घ्यायला जागाच नव्हती. इतकं सगळं व्यवस्थित. तुमचं ते कार्ड. मग शंका घ्यायला घरात एकच माणूस उरलं." ते उठले. "चला, दोनची बस मिळाली तर बरं. येतो मी."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला निघाले. बाटल्या मी फ्रिजमध्ये ठेवल्या नाहीत, रुमालासकट पुन्हा थर्मासात घालून तो टेबलाखाली सरकवला. गेटबाहेर लिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. तिथवर आले आणि मी बाकाला धरून थांबले.

"काका, बसा थोडं."

"काय झालं? चक्कर आली का? बस बेटा, बस."

"काकूंनी आंबा खाल्ला नसेल," मी म्हटलं.

ते बाकावर टेकले.

"आणि खाल्ला असला, तरी एकदोन आंब्यांनी असं होत नाही. औषध खराब झालं होतं. आमच्याकडून निघतानाच खराब होणार होतं."

मग मी सगळं सांगितलं. जुन्या थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या चार पिशव्या बसायच्या. नव्या खोक्यात एकच, तीही पातळ. थंडी होती तोवर ते चाललं. एप्रिल लागला तशी मला काळजी वाटायला लागली, कारण कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात आमचा माल पूर्ण दिवस पडलेला असायचा. अकरा एप्रिलला मी एका खोक्यात पाण्याच्या बाटल्या भरल्या, आत थर्मामीटर ठेवलं आणि ते खोकं सकाळी त्या गोदामात नेऊन ठेवलं. संध्याकाळी उघडलं तर पारा एकेचाळीसवर. पुन्हा दोन दिवस करून पाहिलं, तेच. मी आकडे वहीत लिहिले आणि वही हर्षलपुढे ठेवली.

त्यानं वाचलं. म्हणाला, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. आणि एखाद्या दिवसानं काही होत नाही, कंपन्या उगाच घाबरवतात. दहा हजार खोकी छापलीत, लोकांना आवडलीत. आता परत ती मासळीची पेटी काढू?" दुसऱ्या दिवशी त्यानं मला पॅकिंगची हेड केलं. सगळ्यांसमोर सांगितलं. माझे वडील नुकतेच गेले होते आणि घरात मी एकटीच मिळवती. पण खरं सांगायचं तर ते कारण मी नंतर शोधलं. त्या दिवशी मला फक्त बरं वाटलं होतं. मी वही कपाटात टाकली आणि कार्डं लिहीत राहिले.

हे सगळं मी काकांना का सांगत होते? माझ्या मनात असं होतं की त्यांचं ओझं उतरेल. बायकोनं ऐकलं नाही, पथ्य पाळलं नाही, म्हणून गेली, असं धरून ते बसले होते. मला वाटलं, खरं कळलं तर त्यांचा तिच्यावरचा राग तरी जाईल.



"एकदा त्या बाटलीत मले तंतू दिसले होते," ते म्हणाले. मघापर्यंत शुद्ध बोलणारे काका आता त्यांच्या घरच्या भाषेत बोलत होते. "मी चष्मा पुसला अन् भरलं इंजेक्शन."

औषध बिघडलं की त्यात असेच तंतू धरतात, हे मला माहीत होतं.

"म्हंजे ते खरं बोलत होती."

"हो काका."

"देवापुढं खरं बोलत होती. अन् मी तिले खोटं पाडलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पाणी मागे ते. मी तिले बोललो. तशीच गेली ते."

तेव्हा कुठे मला समजलं, मी काय केलं ते. तिच्यावर रागावलेलं असणं हाच त्यांचा आधार होता. तोही मी काढून घेतला होता, आणि त्या जागी ठेवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"तुले कधी समजलं म्हणाली?"

"अकरा एप्रिल."

"मेचं खोकं तुमच्याकडून सात तारखेला निघालं. शिक्का आहे त्याच्यावर." पोस्टमास्तर तारखा विसरत नाहीत. "त्यातलं कार्ड तूच लिहिलं?"

"हो."

"काय लिहिलं होतं?"

मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणारच. पण त्यांनी ते माझ्याकडून म्हणवून घेतलं.

"'सिंधूताई, ऊन फार आहे. जपा.'"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते उठले, सदऱ्याची बाही खाली ओढली, बटण लावलं, कामावर निघालेल्या माणसासारखं.

"थर्मास कुठं आहे?"

"आत."

"बाटल्या?"

"त्यातच आहेत. हर्षल त्या परत विकणार होता, काका. मी फ्रिजमध्ये जाऊ दिल्या नाहीत."

"घेऊन ये. अन् तुझी ते वही बी."

मी आत गेले. टेबलाखालून थर्मास घेतला. कपाटातून वही काढली. हर्षल केबिनमध्ये कुणालातरी काकांचा व्हिडिओ दाखवत होता. काकांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता, 'आपल्या घरात कुणीतरी आजारी आहे याची कुणालातरी पर्वा आहे'. मी त्याच्यासमोरून गेले. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

काका रिक्षा थांबवून उभे होते. "औषधाचे इन्स्पेक्टर बसतात ते ऑफिस माहीत आहे?"

"आहे."

"चाल माझ्यासंगं. मी अर्ज लिहितो. त्यात तुझं बी नाव लिहीन. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

त्या ऑफिसात बसून त्यांनी चार पानं लिहिली. एक अक्षर खोडलं नाही. माझं नाव दुसऱ्या पानावर होतं, मोहोकारांच्या खाली, 'माल भरणारी, सर्व माहिती असलेली'. मी त्याखाली सही केली. बाटल्या सीलबंद करून घेतल्या गेल्या. बाहेर पडल्यावर काका थेट स्टँडकडे चालायला लागले. मी मागे गेले नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. धाड पडली, तपासण्या झाल्या, लायसन गेलं. हर्षलचा माझ्या घरी फोन आला, मग त्याच्या वडिलांचा, मग त्यांच्या ओळखीतल्या लोकांचे. अकोल्यात मला दुसरी नोकरी मिळेना. आई म्हणायची, तुलाच मधे पडायचं काय नडलं होतं? तिला मी अकरा एप्रिलचं कधीच सांगितलं नाही. शेवटी आम्ही वाशीमला आलो आणि मी एका दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या टेबलावर बसायला लागले. अजून तिथेच आहे. खटल्याचा निकाल लागायला सहा वर्षं लागली. हर्षलला शिक्षा झाली, थोडी झाली, अपिलात आणखी कमी झाली.

काका प्रत्येक तारखेला यायचे. पुसदच्या पलीकडून, पहिल्या बसनं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकाच्या एका टोकाला ते बसायचे आणि दुसऱ्या टोकाला मी. मी दर वेळी नमस्कार करायचे. त्यांनी तो कधी घेतला नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी साक्षीदार होते, आणि नसते तर आरोपी असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांची साक्ष झाली तो दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो. तोवर ते खूप वाळले होते. पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभे होते. मोहोकारांचे वकील मोठे होते, नागपूरचे. त्यांचा मुद्दा साधा होता: बाटल्या गुल्हान्यांच्या घरी महिनाभर होत्या, त्या तिथेही बिघडल्या असतील. आणि बाई पथ्य पाळत नव्हत्या, तसं खुद्द नवऱ्यानंच डॉक्टरांना सांगितलं होतं. केसपेपरवर लिहिलेलं होतं.

"हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, की पत्नी चोरून गोड खाते?"

"हो. सांगितलं."

"म्हणजे तुम्हाला तशी खात्री होती."

"होती."

"घरातले आंबे कमी झाले होते. तुम्ही स्वतः मोजले होते."

"हो."

"आणि आज तुम्ही शपथेवर सांगता की त्यांनी गोड खाल्लं नव्हतं. तुम्ही त्यांच्याजवळ चोवीस तास बसून होतात?"

"नाही."

"कुणी पाहिलं? शेजारी? मुलगी?"

"कुणी नाही."

वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहिलं, मग पुन्हा काकांकडे वळले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "मग गुल्हानेसाहेब, त्यांनी आंबा खाल्ला नव्हता, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगता?"

काकांनी कठडा सोडला आणि सरळ उभे राहिले.

"तिनं सांगितलं होतं."

"एवढाच आधार?"

"एवढाच."

वकील म्हणाले, हा काही पुरावा होत नाही, हे नोंदीत घेऊ नये. न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला. मग टंकलेखकाकडे वळून म्हणाले, "साक्षीदार म्हणतात तसंच घ्या. पत्नीनं सांगितलं होतं आणि साक्षीदाराचा तिच्यावर विश्वास आहे."

यंत्राचा आवाज सुरू झाला. तो थांबेपर्यंत काका तिथून हलले नाहीत.